दुपारचा हुंकारा

१

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मासिकानं आपल्या ग्रंथवार्तेच्या पानावर माझ्याविषयी चार ओळी छापल्या. 'येडशीसारख्या आडस्टेशनावर मालबाबूची नोकरी सांभाळून अद्भुत कथा लिहिणारे, "चंद्रावरचं वेळापत्रक" या संग्रहाचे कर्ते श्री. शांतलिंग यांचा दुसरा संग्रह पूर्ण होत आला असून शेवटच्या कथेचा शेवट तेवढा बाकी असल्याचे समजते.'

मी ती बातमी चार वेळा वाचली. नाव नीट छापलं होतं. मागं एकदा त्यांनी माझा शांतिलाल करून टाकला होता, त्यामानानं ही प्रगतीच म्हणायची. बातमी गोड होती, फक्त खोटी होती. १९४६ च्या दसऱ्यापासून आज १९४९ सालापर्यंत मी गोष्टीची एक ओळही लिहिलेली नाही, आणि लिहिणार नाही असं बायकोला वचन दिलं आहे. संपादकांना विचारलं, बातमी कुणी दिली? त्यांचं उत्तर आलं की येडशीहून पत्र आलं होतं, सही नव्हती, अक्षर आपलंच वाटलं.

म्हणून दुरुस्ती पाठवायला बसलो. दोन ओळींत उरकेल असं वाटलं होतं, पण उरकत नाही. तेव्हा सगळंच लिहितो, संपादकांनी हवं तेवढं घ्यावं. एक आधीच सांगतो, मी सुखी माणूस आहे. घरात दोन वेळची भाकरी आहे, तीन वर्षांची लेक आहे, नावावर एक पुस्तक आहे. रडगाणं गायला मी बसलेलो नाही.

२

मी येडशीला आलो १९४१ साली. निजामाचं राज्य होतं. भिंतीवर दोन कॅलेंडरं लावावी लागत, एक सरकारी फसली सनाचं आणि एक इंग्रजी, कारण आमची छोटी गाडी रोज दोन्ही राज्यांत फिरून यायची. सकाळची गाडी गेली की शेंगांची आणि कापसाची मापं, पावत्या, हमालांशी हुज्जत. ते बारा-साडेबारापर्यंत आटपे. मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्टेशनात कुत्रंसुद्धा जागं नसे. एक ते चार हा वेळ माझा.

क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीला रुळांकडे उघडणारी खिडकी, मागची खोली स्वयंपाकाची. दोन्हींच्या मध्ये दार नव्हतं. गिरिजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जुनं इरकली लुगडं फाडून तिथं पडदा शिवला होता. तो जमिनीपासून वीतभर वर राही. स्वयंपाकखोलीला परसात जायचं दार होतं, आणि परसाच्या पलीकडे, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको प्रेमाबाई राहत असे.

मी खिडकीकडे तोंड आणि पडद्याकडे पाठ करून घोंगडीवर बसे आणि मोठ्यानं लिही. मोठ्यानं म्हणजे, वाक्य आधी तोंडानं म्हणायचं, मग कागदावर. ही सवय तेरची. माझं लहानपण तेरला गेलं आणि तिथं माझा चुलता गोष्टी सांगायचा. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. ऐकणारानं 'हूं' म्हटलं की पुढचं वाक्य, नाही म्हटलं तर चुलता गप्प बसायचा आणि राक्षस तसाच तोंड वासून उभा राहायचा. धाराशिवला नोकरीत असताना मी तीन वर्षं मुकाट्यानं लिहीत होतो. त्या काळातल्या सगळ्या गोष्टी 'साभार परत' आल्या. कागद एवढे परत आले की गिरिजानं त्यांचे शेंगा भाजायला चुलीत बोळे घातले.

येडशीला पहिल्याच आठवड्यात मी मोठ्यानं म्हणत लिहायला लागलो आणि पडद्यामागून 'हूं' आलं.

मला फार बरं वाटलं. गिरिजा कामाची बाई, तिला असल्या गोष्टींची आवड असेल असं कधी वाटलं नव्हतं. हुंकारा खालच्या आवाजात यायचा, थोडा उशिरा, नीट विचार केल्यासारखा. वाक्य पोकळ असलं की यायचा नाही. मी ते खोडून दुसरं म्हणे, मग यायचा. त्या हुंकाऱ्यानं माझी अर्धी विशेषणं काढून टाकली. सावलीचं वजन करणाऱ्या तोलाऱ्याची गोष्ट, उद्याची गाडी आज येते त्या स्टेशनची गोष्ट, अशा एकामागून एक छापून यायला लागल्या. एका दिवाळी अंकात तर माझं नाव मुखपृष्ठावर होतं, सगळ्यात खाली आणि बारीक, पण होतं.

संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या गिरिजाला मी विचारायचो, "कशी झाली?"

"बरी झाली," ती म्हणायची.

मी यापेक्षा जास्त कधी विचारलं नाही. बायकोच्या कौतुकाची भीक मागावी एवढा मी पडेल नव्हतो.

३

१९४६ साली दोन गोष्टी घडल्या. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर गिरिजाला मूल झाल्याचं पत्र बार्शीहून आलं आणि पुण्याच्या एका प्रकाशकानं माझा संग्रह काढायचं कबूल केलं. कोणत्या पत्राचा आनंद जास्त झाला ते सांगत नाही, घरात वाचतात.

गिरिजा बाळंतपणाला बार्शीला माहेरी गेली होती. चार महिने मी काही लिहिलं नाही. हुंकाराच नाही तर काय लिहिणार, असं म्हणून मी दुपारी झोपा काढल्या. भाद्रपदात ती परत आली, बरोबर दोन महिन्यांची शिवकांता. तिला पोचवायला तिचा धाकटा भाऊ महालिंगप्पा आला होता. बार्शीत त्याचं भुसाराचं दुकान. जाडजूड, हसरा, जेवायला बसला की वाढणाऱ्याचा हात दुखावा असा माणूस. बहिणीला मूल झालं म्हणून तो इतका फुगला होता की येईल-जाईल त्याला सांगे, "म्या आता मामा झालोय."

प्रकाशकाला बारा गोष्टी हव्या होत्या. अकरा जुळवून झाल्या होत्या, बारावी दसऱ्याच्या आत हवी होती. निजामाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर छापील कागद उघडून पाहण्यात आठवडा जाई, म्हणून छापखान्याचा सगळा पत्रव्यवहार महालिंगप्पाच्या दुकानाच्या पत्त्यावर चाले. ठरलं असं की बुधवारी तो अकरा गोष्टींची प्रुफं घेऊन येईल, रामलिंगाचं दर्शन करून डोंगरातल्या वाटेनं पायी, दुपारी जेवायला आमच्याकडे. गुरुवारी बारावी गोष्ट आणि तपासलेली प्रुफं घेऊन परत जाईल. ती वाट त्याच्या पायाखालची होती. लहानपणापासून तो श्रावणात तिथून यायचा.

अर्पणपत्रिकेचं एकच पान आधी आलं होतं. मी ते आठ दिवस गिरिजापासून लपवून ठेवलं. बुधवारी सकाळी गाडी गेल्यावर, शिवपूजा आटपून ती कपाळाला भस्म लावून उठली तेव्हा तिला समोर बसवलं आणि वाचून दाखवलं.

'सौ. गिरिजेस. पडद्याआडून जिचा हुंकारा आला नसता तर यातली एकही गोष्ट पुढं सरकली नसती.'

गिरिजा त्या पानाकडे बघत राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

"अवो," ती म्हणाली, "रागवू नगा. म्या कवा हुंकारा दिला?"

४

"रोज देतेस की," मी म्हटलं.

"दुपारी म्या घरात कुठं असते? तुमी बोलाय लागलाव की म्या परसातनं प्रेमाबाईकडं जाते. शेंगा फोडत बसतो आमी दोघी. तुमची गाडी यायच्या टायमाला येते."

"रोज?"

"येडशीला आल्यापासनं." तिनं खाली बघितलं. "तुमच्या गोष्टीचं मला भ्या वाटतं. तुमाला कसं सांगावं? तुमी एवढं जीव लावून लिवता."

पाच वर्षं. मला आधी राग आला तो याचा, की पाच वर्षं ही बाई 'बरी झाली' म्हणत होती. रागाच्या भरात मुख्य गोष्ट लक्षात यायला थोडा वेळ लागला. ती लक्षात आली तेव्हा मी पाणी प्यायलो.

मग मी विचार केला. मी अद्भुत कथा लिहितो म्हणजे माझं डोकं अद्भुत आहे असं नव्हे, मी मालाची मापं घेणारा माणूस आहे. तारायंत्राच्या तारा वाऱ्यानं घुमतात. कौलांत पारवे आहेत. घुमणाऱ्या पारव्याचा आवाज 'हूं' सारखाच असतो. सवयीनं माणसाला हवं ते ऐकू येतं. वाक्य पोकळ असलं की पारवा गप्प कसा बसायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला उत्तर असं की वाक्य पोकळ आहे हे मलाच कळत असणार. हिशेब जमला. मला पुष्कळ बरं वाटलं.

एक वाजता गिरिजा शिवकांताला खांद्यावर टाकून प्रेमाबाईकडं गेली. ती परसातून पलीकडच्या दारात शिरेपर्यंत मी बघत राहिलो. मग परसाच्या दाराला आतून कडी घातली. स्वयंपाकखोली नीट पाहिली. चूल, उतरंड, पाट्याजवळ तांब्या, महालिंगप्पासाठी झाकून ठेवलेल्या पोळ्या. लपायला जागा म्हणाल तर मांजराला झाली असती. पुढच्या खोलीत आलो, पडदा सरळ केला आणि नेहमीसारखा पाठ करून बसलो.

बारावी गोष्ट चंद्रावर पहिल्यांदा उतरलेल्या माणसाची होती. तिथं त्याला एक घर दिसतं. चार महिने ती माझ्या डोक्यात शिजत होती आणि आजवरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा ती चांगली होती, हे मला माहीत होतं. तिचा शेवट ऐकून माणसाला दिवा विझवायची भीती वाटली असती. मी पहिलं वाक्य म्हटलं.

"हूं," पडद्यामागून आलं.

पारवा, मी म्हटलं. दुसरं वाक्य म्हटलं. पुन्हा 'हूं'. तारा. तिसरं वाक्य मी मुद्दाम बिघडवलं, चांदण्याला दुधाची उपमा दिली. काही आलं नाही. बिघडवलेलं काढून नीट म्हटलं, तेव्हा आलं. जरा समाधानानं आल्यासारखं.

खरं सांगायचं तर मी उठायला हवं होतं. पण गोष्ट चांगली चालली होती. असं जमून आलेलं काम टाकून कुणी उठत नाही. मी पानामागून पान म्हणत गेलो. माझा माणूस त्या घराच्या अंगणात आला, दार उघडं दिसलं, आत पंगत वाढलेली दिसली. हुंकारे वेळेवर येत होते. आणि मग एका वाक्याला दोन आले. एक नेहमीचा, आणि त्याच्यामागून दुसरा, बारीक, बाईमाणसाचा असावा असा. पुढच्या वाक्याला तीन-चार. कुणीतरी सरकून कुणाला जागा करून दिल्याचा आवाज झाला.

'त्यानं उंबऱ्याशी वहाणा काढल्या,' मी म्हटलं, 'आणि एक पाय आत टाकला.'

"हूं, दाजी," पडद्यामागून आलं.

मी कागद तिथंच टाकून पुढच्या दारानं बाहेर पळालो. एक पाय आत, एक पाय बाहेर, असा माझा माणूस उंबऱ्यात तसाच राहिला.

५

महालिंगप्पा दुपारी आला नाही. संध्याकाळच्या गाडीनंही आला नाही. झाकलेल्या पोळ्या गिरिजानं गाईला घातल्या.

मी तिला 'दाजी'चं सांगितलं नव्हतं. मला दाजी म्हणणारा जगात एकच माणूस आहे आणि त्याचा आवाज मला भास म्हणूनही ऐकू येऊ शकतो, कारण मी त्याचीच वाट बघत होतो. हा हिशेब मी रात्रभर जमवला आणि तो पहाटेपर्यंत जमला नाही.

गुरुवारी सकाळी रामलिंगाकडून मोळीवाले आले. त्यांनी सांगितलं की बार्शीचे सावकार, म्हणजे महालिंगप्पा, बुधवारी दर्शन करून, पिशवी काखेत मारून येडशीच्या वाटेला लागले, सूर्य डोक्यावर यायच्या आत. म्हणजे एकच्या सुमाराला ते पोचायला हवे होते. आम्ही आठ-दहा जण डोंगर फिरलो. ओढे बघितले, विहिरी बघितल्या. नागझरीच्या वस्तीवर चौकशी केली. काही नाही.

शुक्रवारी सकाळी सांधेवाल्यानं हाक मारली. आमच्या क्वार्टरपासून दीडशे पावलांवर, रुळांच्या पलीकडे पडीक रान आहे. नुसतं गवत, झुडूपसुद्धा नाही. तिथं महालिंगप्पाच्या वहाणा होत्या. फेकलेल्या नाहीत, पायातून निघालेल्या नाहीत. शेजारी शेजारी, टाचा आमच्याकडे, एखाद्याच्या दाराबाहेर माणूस काढून ठेवतो तशा. आणि त्यांच्या बाजूला प्रुफांची पिशवी, भिंतीला टेकवून ठेवावी तशी उभी. टेकायला तिथं काहीच नव्हतं. मी हात लावला तशी ती पडली.

मी तिथं कितीतरी वेळ उभा होतो. महालिंगप्पाला मी पोरवयापासून पाहिलेला. माझ्या लग्नात तो करवल्यांच्या पुढं नाचला होता. माझ्या पहिल्या छापील गोष्टीचे सात अंक त्यानं विकत घेतले होते, आणि त्याला वाचनाचा मुळीच नाद नाही.

घरी येऊन गिरिजाला सगळं सांगितलं. दुसरा हुंकाराही सांगितला, दाजीही सांगितलं. ती रडली नाही. शिवकांताला मांडीवर थोपटत म्हणाली, "माजी आई म्हणायची, दिवसा गोष्ट सांगू नये. मामा वाट चुकतो."

"ते पोरं दिवसा कामं सोडून ऐकत बसू नयेत म्हणून सांगतात."

"व्हय. आजवर आपल्या घराला मामा न्हवता," ती म्हणाली.

मी हिशेब केला. पाच वर्षं, रोज दुपारी. आपल्या घराला मामा नव्हता, पण दुसऱ्यांच्या घरांना होते.

"गोष्ट पुरी केली का तुमी?" तिनं विचारलं.

"नाही. अर्ध्यात उठलो."

"मग त्यो कसा उठंल?" गिरिजा म्हणाली. "ऐकणारा मदीच कसा उठंल? पुरी करा. आणि त्याला घरला धाडा."

६

शुक्रवारी एक वाजता गिरिजा मुलीला घेऊन पुढच्या पायरीवर बसली. दार उघडं ठेवलं. मला तिची पाठ दिसत होती. परसाच्या दाराला बुधवारसारखीच आतून कडी घातली होती.

मी घोंगडीवर बसलो. या खेपेला मात्र पडद्याकडे तोंड करून.

कागद उचलले आणि शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. 'त्यानं उंबऱ्याशी वहाणा काढल्या आणि एक पाय आत टाकला.'

"हूं." खोली भरून आला. एकाच्या तोंडचा नव्हता. म्हातारे होते, बाया होत्या, एक खोकणारा होता. त्यांत कुठंतरी जड, जेवल्यासारखा आवाज होता, "हूं, दाजी."

पडद्याच्या खाली वीतभर जागा होती. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. पाय होते. मांडी घातलेले, उकिडवे, एकमेकांच्यात अडकलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. सगळ्यांना वाटेची धूळ होती. काही पायांची धूळ लाल होती आणि तसली माती आमच्या मुलखात कुठं नाही. एका पायात जाड वाळे होते, माझ्या आजीच्या वेळच्या घडणीचे. आणि अगदी पुढं, पडद्याला लागून, महालिंगप्पाचे रुंद पाय.

माझ्याकडे शेवट तयार होता. माझा माणूस आत जातो, पंगतीला बसतो, वाढणारा येतो आणि त्याच्या ताटात... तो शेवट मी इथं लिहीत नाही. पण तो फार चांगला होता, आणि तो सांगितला असता तर पडद्यामागून कुणी कधीच उठलं नसतं, हे मला त्या पायांकडे बघताना स्वच्छ कळलं.

'मग त्याला आठवलं,' मी म्हटलं, 'की घरी आपली वाट बघताहेत.'

हुंकारा आला नाही.

'त्यानं आत टाकलेला पाय मागं घेतला.'

काही नाही. माझ्या कपाळावरून घाम गळून कागदावर पडला. असलं गुळचट वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं, आणि पडद्यामागच्यांनाही ते ठाऊक होतं.

'त्यानं आतल्या मंडळींना हाक मारली. म्हणाला, उठा, ताटं असू द्या, तुमच्या घरीही चूल पेटली आहे. तेव्हा एकेक जण उठला. ज्यानं त्यानं आपापल्या वहाणा ओळखल्या. ज्याच्या त्याच्या वाटेनं जो तो गेला.'

 बाहेर गिरिजानं मान वळवली नाही. मग नेहमीचा आवाज, पाच वर्षांचा माझा तो जुना, जाणता हुंकारा, पहिल्यांदाच शब्द बोलला.

"मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं. "जो तो पोचला. संपली."

पडद्याखालचे पाय हलले. आधी वाळे घातलेले, मग लाल धुळीचे. एकेक जोडी उभी राहिली, वळली आणि दिसेनाशी झाली. परसाच्या दाराची कडी वाजली नाही. महालिंगप्पाचे पाय जड झालेल्या माणसासारखे दोनदा उठायचे राहिले, तिसऱ्यांदा उठले. शेवटी अगदी मागं, चुलीजवळ, एकच जोडी राहिली. 'मग?' तिथूनच आलं होतं, आणि ती उठली नाही. मी डोळे मिटले आणि गिरिजा ओरडेपर्यंत उघडले नाहीत.

तिचा भाऊ रूळ ओलांडून अनवाणी येत होता.

७

"उशीर झाला का?" तो म्हणाला. "लई भूक लागली."

त्याच्या मते बुधवारच होता. डोंगर उतरल्यावर त्याला दाजींचं घर दिसलं. वहाणा काढून आत गेला तर खोलीत लई मंडळी. बसायला जागा न्हवती, एका म्हातारीनं सरकून दिली. कुडाच्या पलीकडून दाजी गोष्ट सांगत होते. मधेच थांबले तर सगळे तसेच बसून राहिले, म्हणून तोही बसला. ते कोण होते, हे त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "समदे ऐकाय आल्ते. ऐकताना मदी कोण बोलतंय?" त्यानं नऊ भाकरी खाल्ल्या. गिरिजा वाढता वाढता रडली आणि तो तिला हसला.

बारावी गोष्ट मी नव्या शेवटासकट पाठवली. प्रकाशकानं सभ्य भाषेत कळवलं की शेवट फसला आहे. पुस्तक अकरा गोष्टींचं निघालं. अर्पणपत्रिका मी बदलली नाही, नाही तरी त्या एका दुपारी हुंकारा न देताच गिरिजानं गोष्ट पुढं सरकवली होती. परीक्षणं बरी आली. प्रती संपल्या. मी दुपारी झोपतो, शिवकांताला गोष्टी दिवेलागणीनंतर सांगतो, त्याही माकडाच्या. पुढं राज्य गेलं, भिंतीवर एकच कॅलेंडर राहिलं, गाडी तीच आहे. माझं खरंच काही अडलेलं नाही.

महालिंगप्पा दर अमावास्येला येतो. तब्येत उत्तम आहे. एकच आहे, दुपारी दोनच्या सुमाराला कुणी काही बोलत नसताना तो मध्येच मान हलवून 'हूं' म्हणतो. जेवताना म्हणतो, तंबाखू मळताना म्हणतो. आम्ही तिघांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं, आणि मी त्याला तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. गिरिजानं शपथ घातली होती.

परवा तुमच्या मासिकाचा अंक घरात होता. महालिंगप्पा दोन वाजता ताटावर बसला होता. 'हूं' म्हणाला, थोडं हसला, पुन्हा 'हूं' म्हणाला. मी लेखक आहे. मला राहवलं नाही.

"कुणाची गोष्ट चाललीय, महालिंगप्पा?"

"तुमचीच की, दाजी."

"मी तर इथं बसलोय."

"व्हय." त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. "आवाज तुमचाच हाय. कवाधरनं चाललीय."

गिरिजानं माझ्याकडे बघितलं. मी तरीही विचारलं, "कशी आहे?"

"पयल्या बुकापरास लई बरी." त्यानं आमटीत भाकरी कुस्करली. "आता सपत आलीय. तुमी दारापाशी आलाव. वहाणा काढायलाव."

त्या दिवसापासून गिरिजा माझ्या वहाणा दाराबाहेर ठेवू देत नाही, चुलीशेजारी ठेवते, ती शेवटची जोडी बसली होती तिथंच. मला तिचं हसू येतं आणि मी तिला तसं करू देतो. तेव्हा संपादक महाशय, माझा दुसरा संग्रह नाही, त्यात शेवटची कथा नाही आणि तिचा शेवट बाकी नाही. एवढी दुरुस्ती येत्याच अंकात छापावी. त्याच्या पुढच्या अंकावर टाकू नये.